मोठ्या पिना

माझी वहिनी नवरीच्या आईला मेकअपच्या खोलीत थांबू देत नाही. नवरीचं तोंड धुऊन होतं, केस मागे बांधून होतात, मग वहिनी आपल्या मेकअपच्या पेटीचा ड्रॉवर उघडते, आत डोकावते आणि अगदी सहज म्हणते, "अगं बाई, पिना लहान आहेत. काकू, मोठ्या मिळतात का बघता जरा?" त्याच ड्रॉवरमध्ये मोठ्या पिनांची पाकिटं खच्चून भरलेली असतात. पण लेकीच्या लग्नाच्या दिवशी काम सांगितलं की कुठलीही आई धावत सुटते. ती गेली की मी दाराला कडी लावते आणि वहिनी दिवा जवळ ओढून नवरीला विचारते, "हं, आता सांग. काय लावलंस?"

आणि मुली सांगतात. एकीनं फोडावर रात्रभर टूथपेस्ट थापून ठेवलेली असते. एकीला मावशीनं गोरं व्हायची ट्यूब गुपचूप आणून दिलेली असते आणि ती लावून लावून कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते. एक तर लिंबू चोळून आली होती, वर साखर. आईसमोर यातलं अक्षर निघत नाही, कारण आईनं तरी ते लावायला सांगितलेलं असतं, नाहीतर लावू नकोस म्हणून बजावलेलं असतं. वहिनी ऐकून घेते, रागावत नाही, उपदेश करत नाही. ऐकल्यावर हात कुठे न्यायचा आणि कुठे नाही एवढं तिला कळतं, आणि तिला तेवढंच हवं असतं.

मुलीनं सांगितलेलं आईपर्यंत जाऊ द्यायचं नाही, हा तिचा कायदा. तो मीही पाळते. एका आईनं मला जिन्यात गाठून, काय म्हणत होती हो आमची, असं खोदून खोदून विचारलं होतं. तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणून काळजीत होती, असं सांगून मी तिच्या डोळ्यांत पाणी आणलं. मी जन्मभर टेलिफोन खात्यात नोकरी केली. लोकांना ताटकळत ठेवायचं आणि वर गोड बोलायचं, याचा मला पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर घरी बसून माझं डोकं फिरायला लागलं, तेव्हा वहिनी म्हणाली, वन्सं, माझ्याकडे या, दार सांभाळा आणि ब्रश धुवा. तेव्हापासून मी तेच करते.

टायरच्या दुकानाच्या वर तिची खोली आहे. जिन्यात रबराचा वास, आत गुलाबपाण्याचा. तिथे बसून मी चेहरे बघायला शिकले, म्हणजे वहिनीइतके नाही, पण दुकान चालेल इतपत. तेलकट त्वचेची बाई आली की तिला वाटतं, आपल्याला क्रीम नकोच. वहिनी तिला हमखास क्रीम लावते, फक्त पाण्यासारखं पातळ, कारण तहानलेली कातडी सूड घेतल्यासारखं तेल सोडते आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत नाक चकाकायला लागतं. कोरड्या त्वचेला ती घाई करत नाही. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल दाबून ठेवते, क्रीम बोटांनी थोपटून जिरवते, मग चक्क बाजूला जाऊन चहा पिते. ते जिरल्याशिवाय वर काही चढवलं तर दुपारी गालाला भेगा दिसतात. नाजूक त्वचेवर ती नवी बाटली उघडतच नाही. आणि मिश्र त्वचा, कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे, ही तिच्या मते सगळ्यांत लबाड. एकाच तोंडावर दोन बायका नांदतात, म्हणते, दोघींची मर्जी राखायची.

कुठलीही असो, आदल्या संध्याकाळी ती मुलीला बोलावते. दुसऱ्या दिवशी जे जे लावायचं त्याचा एकेक ठिपका कानामागे आणि जबड्याखाली लावून पाहते. लाल झालं, खाजलं, तर ती बाटली बाद. मंत्र्याची सून आली तरी ठिपक्यावाचून सुटका नाही.

पण या धंद्यानं तिची नजर कायमची बिघडवली, हे मी तिच्या तोंडावर सांगते. तिला माणसं दिसत नाहीत. दादाचे साहेब चहाला येऊन गेले, तासभर बोलत होते, आणि ते गेल्यावर ही म्हणते काय, तर नाकाशेजारी पापुद्रे सुटलेत, पाणी कमी पितात. गिऱ्हाइकांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत. उद्या सकाळी कोरडी, दुपारी तेलकट, असा तिचा दिवस लागतो. दादानं त्यावरून स्वतःच्या लेकीचं नाव मिश्र ठेवलं होतं आणि घरात ते बरीच वर्षं चाललं.

ही मिश्र, माझी भाची, शाळेतून आली की दारातच तिची हनुवटी धरली जायची. चेहरा उजेडाकडे वळायचा. हे काय आलं इथे? हात लावलास ना? दप्तर अजून खांद्यावर, पायांत बूट, आणि वहिनी कपाळ वाचत उभी. पोरगी तशी खेळकर, ती डोळे मिटून विचारायची, "काय सापडलं आज?" आम्ही सगळे हसायचो. वहिनी मात्र खरंच सांगायची, काय काय सापडलं ते. पुढे नोकरीसाठी ती दुसऱ्या शहरात गेली. व्हिडिओ कॉल लागला की पहिलं वाक्य, दिव्याखाली जा बघू, हनुवटीवर काय आहे ते. वहिनीचा जीव होता तिच्यावर, यात मला कधी शंका आली नाही. फक्त तो जीव बाहेर पडताना भिंग लावून पडायचा.

लग्न ठरलं तेव्हा मेकअप कोण करणार हा प्रश्नच नव्हता. भाची आदल्या दिवशी उशिरा पोचली, तोंडावर बरीच पावडर, आल्याआल्या झोप येतेय म्हणून आत गेली. मी वहिनीला म्हटलं, ठिपके राहिले की गं. ती माझ्याकडे बघून हसली. "वन्सं, या चेहऱ्याला मी न्हाऊमाखू घातलंय. याची काय परीक्षा घ्यायची?" मलाही ते पटलं.

हॉलच्या मागे वरच्या मजल्यावर नवरीसाठी एक खोली होती. लांबलचक आरसा, त्याभोवती बल्ब, त्यातला एक गेलेला, कोपऱ्यात बेसिन, प्लास्टिकच्या खुर्च्या. खिडकीखाली रस्ता, पलीकडे लाँड्री आणि एक जनरल स्टोअर. हॉलमध्ये खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता. वहिनीनं ओल्या कापसानं लेकीच्या तोंडावरची पावडर पुसली आणि दिवा जवळ घेतला. गाल ताणलेले होते, तुकतुकीत, जरा जास्तच.

"ऑफिसातला एसी," वहिनी म्हणाली. "गाल पार सुकवलेस."

वहिनीनं कोरड्या त्वचेचं सगळं साग्रसंगीत सुरू केलं. कोमट टॉवेल दाबला. तो दाबला तेव्हा भाचीनं खुर्चीचा हात असा धरला की बोटांची पेरं पांढरी पडली. मी मागे केस धरून उभी होते, मला आरशात दिसलं. वहिनीला दिसलं नाही, तिची नजर गालावर. मग क्रीम, मग थोपटणं, आणि मग मेकअप टिकावा म्हणून आधी लावतात तो प्रायमर. तो लागला आणि भाचीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती रडत नव्हती, डोळेच वाहत होते.

पहिल्यांदा गालावर एक लाल डाग उठला. बघता बघता तो पसरत कानापर्यंत गेला. तोंडाच्या कडेला दुधावरची साय सरकावी तशी कातडी सुटायला लागली. वहिनीनं झटकन सगळं पुसून घेतलं, तर पुसल्यानं अजून लाल झालं.

"काय लावलंस?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही."

"कालपरवा काही लावलंस?"

काही नाही. पार्लरमध्ये गेली होतीस का? नाही. कुणी काही दिलं का? नाही, नाही म्हणतेय ना. वहिनीचा आवाज चढत नव्हता, उलट खाली खाली जात होता, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. तिनं लालसरपणा झाकायची हिरवी डबी उचलली आणि ठेवून दिली. थंड जेलकडे हात नेला, तोही मागे घेतला. मला तिची अडचण कळत होती. ॲलर्जी असली तर औषध वेगळं. ती मावशीछाप ट्यूब असली तर वेगळं. आम्ल लावून चेहऱ्याची वरची साल काढलेली असली तर आणखी वेगळं, आणि एकाचं दुसऱ्याला लावलं की चेहरा सुजून डोळे मिटायची वेळ. इतक्या मुलींचे हात धरून तिनं हे निभावलं होतं, पण त्या मुलींनी निदान तोंड उघडलं होतं. ही मूग गिळून बसलेली.

दार वाजलं. फोटोवाला. तयार होतानाचे दोन फोटो हवेत, म्हणाला. मी दार किलकिलं करून त्याला म्हटलं, लाइनवर राहा. पुन्हा वाजलं, दादा. विहीणबाई आल्यात, मुलीला बघायला वर येतो म्हणतात. त्याला म्हटलं, त्यांना काहीतरी प्यायला दे, बसव, तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांग. तो माझ्याकडे बघत राहिला, कारण त्याला लहानपणचं काही आठवत नाही.

मी वळले तेव्हा वहिनी लेकीसमोर उकिडवी बसली होती. तिचे हात मांडीवर पडले होते, काहीही न करता. हे मी कधी पाहिलं नव्हतं. पोटातून बोलल्यासारखी ती म्हणाली, "बाळ, मला सांग गं. मी काही बोलणार नाही." आणि भाचीनं आरशाकडे तोंड फिरवलं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. खोलीत नवरीची आई आहे. आज तिला बाहेर काढायला कुणी नाही, कारण बाहेर काढणारी तीच.

मी पेटीचा ड्रॉवर उघडला. पाकिटंच पाकिटं होती. मी आत बघितलं आणि म्हटलं, "वहिनी, पिना लहान आहेत. मोठ्या मिळतात का बघतेस जरा?"

तिला आधी कळलं नाही. "त्या काय तिथेच..." म्हणत ती ड्रॉवरकडे आली, आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता भडकेल, आणि भडकली असती तर मी तिला दोष दिला नसता. बाईला तिच्याच दुकानातून, तिच्याच थापेनं हाकलत होते मी.

"लहान आहेत," मी पुन्हा म्हटलं.

तिनं हात पुसले, पायांत चपला सरकवल्या आणि गेली. मी कडी लावली. वहिनीचं स्टूल ओढून भाचीसमोर बसले. दिवा मात्र जवळ घेतला नाही, मला त्यातलं काय कळतंय.

"हं. काय लावलंस?"

ती बोलायला लागली आणि थांबेचना. तिकडच्या एका स्किन क्लिनिकमध्ये जाऊन आम्लानं साल काढून घेतली होती. या आठवड्यातच. लग्न तोंडावर आहे हे कळलं तर ते हातही लावणार नाहीत, म्हणून पुढच्या महिन्यात आहे अशी थाप मारली. चार दिवसांत सगळं साफ होईल असा हिशेब तिचा तिनंच केला. मला असा राग आला की विचारू नका. म्हटलं, अगं, मेकअप करणाऱ्या बाईची मुलगी तू, तुझ्या तोंडाला असं झालं तरी काय होतं?

"तेच ना आत्या," ती म्हणाली. "ती दिवा ओढणार, हनुवटी धरणार आणि शोधणार. लहानपणापासून रोज काहीतरी सापडतंच तिला. आजच्या दिवशी तरी तिला काही सापडू नये, एवढंच हवं होतं मला."

मी तिचं नाक पुसलं, तेही जपून. राग होता तो कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी असं काही आलं की मलाच नाक पुसावं लागलं.

मग दार उघडून बघितलं तर वहिनी बाहेर नाही. मला वाटलं होतं, ती दाराला चिकटून उभी असेल. कुठलीही आई असते. जिन्यात नाही, पाण्याच्या पिंपाशी नाही. हॉलमधून माइक तपासल्याचा आवाज येत होता, खाली कुणीतरी नवरी झाली का असं विचारत होतं, आणि जिला विचारायचं ती गायब. माझं धाबं दणाणलं. रागावून घरी गेली की काय, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

ती आली रस्त्याच्या बाजूनं, धापा टाकत. हातात जनरल स्टोअरचं पिनांचं पाकीट. मोठ्या पिना. खरोखरच जाऊन घेऊन आली होती, लग्नाच्या कपड्यांत, रस्ता ओलांडून.

मी तिला दाराशीच अडवलं. म्हटलं, मेकअपवालीला सांगायचंय ते सांगते. आम्लाची साल काढलीय, याच आठवड्यात. वहिनीनं डोळे मिटले. "आणि मी त्यावर गरम टॉवेल ठेवला," एवढंच म्हणाली. मग डोळे उघडून विचारलं, "पण का केलं तिनं असं?"

"ते मेकअपवालीला लागतं का?"

"वन्सं, आई आहे मी तिची."

"म्हणूनच," मी म्हटलं. "कायदा तुझाच आहे."

तिचा हक्क होता, आणि मुलीचाही होता. ती उभी राहिली, पाकिटाचा पुठ्ठा अंगठ्यानं दुमडत. मग मला बाजूला करून आत गेली.

आत गेल्यावर ती पुन्हा कामाची झाली. हलकी झुळझुळ धार सोडून गार पाण्यानं तोंड धुवायला लावलं, टॉवेल चोळू दिला नाही, नुसता टेकवला. साधं व्हॅसलिन, तेही बोटाला लागलंय न लागलंय एवढंच. मग थांबली. बाहेर दार वाजत होतं आणि ही आपली थांबली होती, घड्याळाकडे न बघता. आग कमी झाली का, असं अधूनमधून विचारत होती. नवरीला तिनं असं विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. लालसरपणा थोडा उतरला, सगळा नाही. फाउंडेशनच्या बाटल्या तिनं उघडल्याच नाहीत, पावडरचा डबा माझ्याकडे देऊन टाकला. फक्त डोळे केले आणि ओठ केले. डोळे असे केले की बघणाऱ्याची नजर तिथून खाली उतरू नये. तोंडाच्या कडेची सुटलेली साल तशीच राहिली, तिला हात लावायचा नव्हता.

दादा चौथ्यांदा की पाचव्यांदा आला. विहीणबाई जिना चढतायत म्हणाला. मी म्हटलं, चढू दे.

सगळं झालं की वहिनीची तपासणी असते. दिवा ओढायचा, हनुवटी धरायची, चेहरा इकडून तिकडे फिरवायचा आणि राहिलेलं एकेक शोधायचं. भाचीला ते पाठच होतं. तिनं आपणहून हनुवटी वर केली आणि डोळे मिटून घेतले. गळ्याची शीर उडताना दिसत होती. माझ्या मनात आलं, वहिनी, आता काही बोलू नकोस, निदान आज.

वहिनीनं दिव्याकडे हात नेला आणि तो बंद केला. मग लेकीची हनुवटी धरली आणि खिडकीतून येत होता तेवढ्या उजेडात बघत राहिली. गाल लाल, तोंडाशी पापुद्रे. कुणालाही दारातून दिसलं असतं.

"काय सापडलं?" भाचीनं डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही," वहिनी म्हणाली.

भाचीनं डोळे उघडले आणि आधी माझ्याकडे बघितलं. मी नाही अशी मान हलवली. का केलं ते मी सांगितलं नव्हतं, आणि वहिनी तर रस्त्यापलीकडे पिना घेत होती. तेव्हा ती आईकडे वळली. वहिनीची नजर गालावर नव्हती. ती लेकीच्या डोळ्यांत बघत होती. मग तिनं नवं पाकीट फोडलं, त्यातली एक मोठी पिन काढली आणि तिच्या केसांत बसवली.